गुंगी

चमचा अजून फिरतच होता. साखर केव्हाच विरघळली असणार, चहाही निवला असणार, तरी स्टीलचा तो छोटा चमचा कपाच्या कडेला हलकेच टेकत, सुटत, पुन्हा टेकत गोल फिरत होता, आणि गुरुदत्तची नजर कपात नव्हती, समोरच्या हिरव्या डोंगरावरही नव्हती... मधेच कुठेतरी, जिथे पाहण्यासारखं काही नाही अशा हवेत होती. बोटीच्या पोटातल्या इवल्याशा स्वयंपाकघरात कांदा चिरताना मृणालिनीची सुरी थांबली. पायऱ्यांमधून तिला नवऱ्याचा फक्त हात आणि गुडघा दिसत होता. आता थांबेल. आता उचलेल कप — नाही. ती वर गेली आणि तिने त्याच्या हातातून चमचा काढून घेतला. तो हसला.

"झाला का चहा?" त्याने विचारलं.

"तुमच्या हातातच आहे."

"हो की," तो म्हणाला, आणि गार चहा एका दमात प्यायला.

हाच माणूस ह्यूस्टनजवळ शुगर लँडच्या घरी उभ्याने चहा प्यायचा. एका हातात कप, दुसऱ्या हातात गाडीच्या किल्ल्या, आणि ती वर साडीच्या निऱ्या घालत असताना हा खाली ड्राइव्हवेत हॉर्न वाजवत असायचा. मंडळाच्या गणपतीत आरती अर्धी झाली की हा मागे जाऊन प्रसादाच्या प्लेट्स लावायला घ्यायचा; देवालासुद्धा घाई करतो म्हणून बायका हसायच्या. पायाला भिंगरी लावून जन्माला आलेला माणूस. तिची नुसती चिडचिड व्हायची. 'मधे श्वास तरी घेता का हो तुम्ही?' असं तोंडावर विचारायची ती, आणि तिनेच ते विचारायचं, कारण ती भूल देणारी डॉक्टर. लोकांच्या श्वासांवर डोळे लावून बसणं हेच तिचं आयुष्य.

मग तेलाचे भाव कोसळले. ह्यूस्टनमध्ये एकेका कंपनीचे मजलेच्या मजले रिकामे झाले, त्यात याचाही झाला. त्यांच्या रस्त्यावर घरोघरी 'फॉर सेल'च्या पाट्या लागल्या. याच्या जुन्या साहेबाने — ज्याच्याबरोबर हा गॅल्व्हस्टनच्या खाडीत शिडाची बोट चालवायला शिकला होता — सांगितलं, माझी बोट सेंट जॉन बेटावर नुसती पडून आहे, जाऊन राहा, तिची निगा ठेव, डोकं शांत होईल. तिने हॉस्पिटलमधून बिनपगारी रजा काढली आणि दोघं या कॅरिबियन बेटावर येऊन पडली. नकाशावर ही अमेरिकाच. तोच झेंडा, तीच टपालाची तिकिटं. पण गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालायच्या, आणि घाईचं इथे कुणाला कौतुक नव्हतं.

सुरुवातीला जड गेलं ते तिलाच. बर्फाच्या दुकानात शिरल्या शिरल्या तिने विचारलं होतं, बर्फ आहे का? गल्ल्यामागच्या जाड्या बाईने तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग." आणि थांबली. तीही थांबली. बर्फाचं काय ते कळेना. मग लक्षात आलं की आपण गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय या दुकानात बर्फ नाहीच. कामाचं आधी बोलायचं आणि माणसाचं नंतर, ही सवय ऑपरेशन थिएटरमध्ये ठीक होती. इथे ती उद्धटपणात जमा. फेरीबोट भरली की निघायची. पाण्याच्या नळावर लोक गप्पा संपेपर्यंत नळ बंद करून उभे राहायचे. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा... आणि हा? हा आठवडाभरात असा रुळला की जणू इथेच जन्मला होता. डेकवर बसून राहायचा. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा जर्मन म्हणायचा, तुझा नवरा बेटावरचा माणूस झाला बघ. तिला तेव्हा त्याचा हेवा वाटला होता. मला! मला हेवा वाटला होता, आणि फोनवर मुलीला मी कौतुकाने सांगितलं होतं, बाबा सुधारले तुझे. "फायनली! आता लेट हिम बी, आई," संध्या ऑस्टिनहून म्हणाली होती.

मग एके दुपारी पावसाची सर आली. इथे ती डोंगरामागून अचानक येते आणि झोडपून निघून जाते. ती किनाऱ्यावर होती. तिथून तिने पाहिलं, साऱ्या खाडीत धावपळ उडाली — एरवी हात हलवायलाही दिवस लावणारी माणसं माकडांसारख्या उड्या मारत डेकवरचे झरोके बंद करत होती, वाळत घातलेले कपडे ओढत होती, एकमेकांना ओरडून हसत होती. आणि त्यांच्या बोटीचा झरोका उघडा होता. ती परत पोचली तेव्हा गाद्या भिजून जड झाल्या होत्या आणि त्या झरोक्याला पाय लावून हा बसला होता. भिजत. पाणी आत पडताना बघत. "अहो, झाकण लावायचं ना!" "हो," तो म्हणाला, "लावायला पाहिजे होतं."

तेव्हा तिला फरक दिसला. या माणसांचा संथपणा जिवंत होता. त्यांना वेळ होता कारण तो त्यांना आवडत होता, आणि घाई लागली की ती घाईही करत होती. याचं तसं नव्हतं. तिला हे ओळखीचं होतं... टेबलावरचा माणूस असा शांत होतो, चेहऱ्यावरच्या आठ्या मिटतात, नातेवाइकांनी पाहिलं तर म्हणतील किती गाढ झोपलाय. आणि तिथेच तर भूल देणाऱ्याने डोळ्यात तेल घालून बसायचं असतं.

तिने सांगून पाहिलं. डिप्रेशन हा शब्द सरळ वापरला. गोळ्या घेऊ या, पलीकडे सेंट थॉमस बेटावर डॉक्टर आहे, मी येते बरोबर. पूर्वीचा गुरुदत्त असता तर घर डोक्यावर घेतलं असतं — मी वेडा आहे का, तुम्हा डॉक्टरांना सगळीकडे रोगच दिसतात — आणि ती सुखाने भांडली असती. हा म्हणाला, "बरं." गेला मात्र नाही. ह्यूस्टनला परत जाऊ? "बरं. तू हो पुढे." आणि मग तो पोहण्याचा दिवस... पाण्यावर उताणा तरंगत तरंगत खाडीच्या तोंडाशी, जिथे बाहेरचा प्रवाह ओढतो तिथवर गेला होता. हात मारत नव्हता, पाय मारत नव्हता. जर्मन म्हाताऱ्याने आपल्या होडीत ओढून घेतला. "बरं वाटत होतं," एवढंच म्हणाला. म्हातारा हसला. ती हसली नाही.

आणि रविवारी तिला निघायचं होतं. रजा संपली होती, वाढवून मिळत नव्हती, घराचे हप्ते आता तिच्या एकटीच्या पगारावर होते. ती गेली की हा इथे एकटा राहणार, या पाण्यावर. त्यापुढचा विचार ती करू शकत नव्हती आणि दुसरा कुठला विचार तिला सुचतही नव्हता.

म्हणून आज प्रताप येणार होता. म्हणजे तो आपल्यासाठी येत नव्हता. तो आणि त्याची बायको शरयू क्रूझवर होते, त्यांचं जहाज आज दिवसभर शेजारच्या सेंट थॉमसला थांबणार होतं, तिथून फेरीने जेवायला येतो असं त्यांनी कळवलं होतं. पण तिने जीव त्याच दिवसावर टांगला होता. प्रताप म्हणजे पुण्याच्या हॉस्टेलपासूनचा खोलीतला सोबती. अमेरिकेला दोघं एकाच विमानाने आलेले. गुरुदत्तला दंडाला धरून उठवू शकेल असा पृथ्वीवर तो एकच माणूस होता. त्याने फक्त बघायला हवं होतं. एकदा त्याच्या लक्षात आलं की पुढचं तो करील — ऊठ साल्या, बॅग भर, म्हणेल, आणि हा उठेल. मीच सांगितलं तर काय, बायकोची काळजी! पण त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं तर...

रबरी होडीचं छोटं इंजिन सुरू करून ती धक्क्यावर गेली. फेरीतून आधी शरयूची मोठी हॅट उतरली, मग प्रताप, गळ्यात कॅमेरा.

"वहिनी! काय काळ्या झालात!"

"मृणाल, हे घे, चकल्या आणल्यात. क्रूझवर सांभाळत बसले होते," शरयू म्हणाली. "प्रताप रोज एक एक काढून खात होता, लपवून ठेवाव्या लागल्या."

ती त्यांना होडीतून बोटीकडे घेऊन आली. गुरुदत्त डेकवर तिथेच होता. प्रतापने वर चढताच त्याच्या पाठीत धपाटा घातला, "काय यार, तुझं तर लाइफ सेट झालं!" आणि गुरुदत्त हसला. आता बघ, ती मनात म्हणाली. बघ त्याच्याकडे, नीट बघ.

ती पाणी आणायला खाली गेली. वरून प्रतापचा आवाज आला, "मग? पुढचा प्लॅन काय?"

शांतता. बोटीच्या अंगाला पाणी लागत होतं. तिच्या हातात ग्लास होते आणि ती थांबली — हीच ती वेळ, राहू दे ही शांतता, प्रतापला ऐकू येऊ दे — आणि आपलाच आवाज तिने ऐकला, पायऱ्यांवरून वर, प्रसन्न, खळखळता: "प्लॅन कसला, कन्सल्टिंगचं बोलणं चाललंय एक-दोन ठिकाणी. पण यांना म्हटलं, जरा दम खा!"

कसलं कन्सल्टिंग? कुणाशी बोलणं? तिने जीभ चावली.

पानं वाढली. भात, आमटी, बटाट्याची भाजी, आणि सकाळी कोळ्याकडून आणलेला मासा. गुरुदत्तने ताटली मांडीवर घेतली आणि तशीच ठेवली. शरयूने एकदा त्या ताटलीकडे पाहिलं. फक्त एकदा, पण पाहिलं! आणि मृणालिनी लगेच म्हणाली, "ते हल्ली उशिरा नाश्ता करतात. तू घे ना गं, लाजतेस काय, अजून एक तुकडी घे. माझी शपथ आहे." तुकडी वाढली. आमटी वाढली. शरयू मान खाली घालून काटे काढू लागली.

हे काय करतेय मी? घरी कुणी आलं की उसवलेल्या सोफ्यावर आपण पटकन चादर टाकतो, नवऱ्याशी भांडण झालेलं असलं तरी चहा हसत आणतो, आजारी माणूससुद्धा पाहुण्यांसमोर उठून बसतो. आईने तसंच केलं, तिच्या आईने तसंच केलं. आलेल्या माणसाला घरात काही कमी दिसता कामा नये. बोलावलं कशाला होतं यांना? दिसावं म्हणून. आणि सकाळपासून माझे हात, माझी जीभ, माझं हसू झाकण्यासाठीच धावतंय...

"अबू धाबीला एक ओपनिंग आहे," प्रताप मासा खाता खाता म्हणाला. "तुझ्या लाइनचं. बोलू का, गुरू?"

गुरुदत्त पाण्याकडे बघत होता.

"विचार करताहेत ते," ती म्हणाली. "घाई नको असं ठरलंय आमचं."

पुन्हा! तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि शपथ घेतली, आता एक अक्षर बोलणार नाही. पुढची शांतता येईल तिला हात लावणार नाही, मग बोट बुडाली तरी चालेल.

ती आली. जेवण झाल्यावर प्रताप मऊ झाला होता. "आठवतं का रे," तो म्हणाला, "मला हॉस्टेलवर टायफॉइड झाला होता? वहिनी, या गाढवाने रात्रभर माझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या आणि सकाळी डॉक्टरला घेऊन आला ते सायकलवर डबल सीट! डॉक्टर कोटाची बटणं लावत होता अजून. आठवतं, गुरू?"

गुरुदत्तने उत्तर दिलं नाही. तिने ओठ मिटले. दातांत दात. शिडाची दोरी खांबावर टक् टक् वाजत होती. शरयूने नवऱ्याकडे पाहिलं, मग गुरुदत्तकडे, मग मृणालिनीकडे, आणि मृणालिनीने तिची नजर चुकवली नाही, बघ बाई, बघ, मी काही झाकत नाहीये आता... प्रतापच्या कपाळावर एक बारीक आठी उमटू लागली होती, उमटत होती, तिला वाटलं आपण श्वास सोडला तर ती पुसली जाईल —

गुरुदत्त हसला. अगदी गोड. "आठवतं," तो म्हणाला.

आणि आठी गेली. "बघा!" प्रताप म्हणाला. "काय शांत झालाय हा माणूस! शरयू, एक फोटो काढ आमचा."

फोटो निघाला. एक तिच्याबरोबरही निघाला. त्यात ती छान हसली असणार.

परत धक्क्यावर नेताना तिने होडी मुद्दाम हळू चालवली. सांगायचं. इथे, आता. शेवटची संधी. पण आधी प्रतापच बोलू लागला. आवाज खाली आणून, जणू गुरुदत्तला ऐकू जाईल. "खरं सांगू का वहिनी, हेवा वाटला मला. आमच्याकडे दर शुक्रवारी कुणाची तरी नोकरी जायची पाळी. छातीत धडधडतं ऑफिसात शिरताना. हा सुटला बघा. मलाच त्याच्याजवळ येऊन राहावंसं वाटतंय." त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. या माणसाकडून मी दुसऱ्याला उठवून घेणार होते! त्यालाच कुणी उठवायला हवं होतं.

"तू बरी आहेस ना?" उतरताना शरयूने तिचा हात धरून विचारलं. "फार वाळलीस."

सांग. शरयूचा हात गरम होता आणि तिने तो सोडला नव्हता.

"उन्हाने गं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी चांगले दोन दिवस राहायलाच या."

फेरी सुटली. हॅट हलत राहिली. ती धक्क्यावर उभी राहून हात हलवत राहिली, फेरी वळून दिसेनाशी झाली तरी, आणि मग तिला रडू फुटलं. असं मोठ्याने, तोंड उघडून, की दोऱ्या गुंडाळणारा माणूस तिच्यापाशी आला. "गुड आफ्टरनून," तो म्हणाला, आणि तिने डोळे पुसता पुसता गुड आफ्टरनून म्हटलं. तो जरा वेळ तिच्याशेजारी उभा राहिला, मग आपल्या दोऱ्यांकडे गेला.

अर्ध्या वाटेत तिने होडीचं इंजिन बंद केलं. का, ते तिला कळलं नाही. बोट समोर होती, हाकेच्या अंतरावर. तो डेकवर तसाच बसलेला, मांडीवर ती ताटली अजून. उन्हं कलती झाली होती. होडी आपली आपण फिरत हळूहळू बाजूला जाऊ लागली. आपल्याला उशीर झाला हे त्याच्या लक्षात येईल, तो उठून पाहील, असं तिला वाटत होतं, आणि तो पाहणार नाही हेही ठाऊक होतं. रविवारी मी जाईन तेव्हा असाच बसलेला असेल. आणि मग एके दिवशी बसलेला नसेल... मन तिथवर गेलं आणि तिथे तिला जे सापडलं त्याने ती हादरली: नुसती भीती नव्हती ती, तिच्या तळाशी थोडं, अगदी थोडं, सुटल्यासारखंही वाटत होतं. मला! देवा, मला असं वाटतंय?

ऑपरेशन संपल्यावर माणूस शुद्धीवर येत नाही तेव्हा काय करतो आपण? बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगतो का, की झोपलेत, उशिरा नाश्ता करतात हल्ली? त्याच्या कानाशी वाकून हाक मारतो. नावाने. मिस्टर जॉन्सन, डोळे उघडा. मिसेस गार्सिया, ऐकू येतंय का? किती परक्या माणसांची नावं तिने अशी मोठ्याने, हक्काने, घसा ताणून घेतली होती. आणि याचं? अहो. नाहीतर 'हे'. लग्नात उखाण्यात घेतलं होतं एकदा, तेही यमक जुळवून, लाजून, बायका हसत असताना. त्यानंतर हाक म्हणून एकदाही नाही. डॉक्टरीण झाली, सातासमुद्रापार आली, गाडी चालवली, अमेरिकन सर्जनांना दटावलं, पण नवऱ्याचं नाव ओठांवर आणायची तिची छाती झाली नव्हती. आणि कधी गरजच पडली नव्हती, कारण तो नेहमी आधीच दारात उभा असायचा, किल्ल्या वाजवत.

"गुरुदत्त."

घोगरा आवाज. पाण्यावर दोन हातसुद्धा गेला नसेल. कान तापले, या वयात, या उघड्या खाडीत.

"गुरुदत्त!"

हा तिचा थिएटरमधला आवाज होता. शेजारच्या बोटीवर जर्मन म्हाताऱ्याने मान वर केली. पलीकडे कपडे वाळत घालणारी बाई थांबली. सगळे बघत होते. बघू देत. सगळ्यांना दिसू दे की माझा नवरा समोर बसलाय आणि मी त्याला उठवू शकत नाही.

त्याची मान वळली. इकडे, होडीच्या दिशेने. पण तो तिला पाहत होता की तिच्या मागच्या पाण्याला, ते उन्हामुळे कळत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता की काहीच नव्हतं, तेही कळत नव्हतं. तो गोड मात्र हसत नव्हता. तिच्या जिभेवर सवयीने एक वाक्य आलंच — काही नाही, सहज हाक मारली — आणि ते तिने गिळलं. फार घाबरली होती ती. सकाळी होती त्यापेक्षाही जास्त. आता प्रताप नव्हता, कुणीच येणार नव्हतं. पण लाज कुठे गेली होती कोण जाणे. ती डगमगत्या होडीत उभी राहिली, आणि पुन्हा त्याला नावाने हाक मारू लागली.